जैवसुरक्षेची माहिती एका जागी का मिळत नाही? देशभरासाठी ऑनलाइन यंत्रणा करायची तर सुरुवात कुठून?

रविवारपेठी
नमस्कार मंडळी. बेळगावात बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे जैवसुरक्षेचा (म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, घातक जंतू यांचा धोका नाही ना, याचा) प्रश्न माझ्यापुढे दर पावसाळ्यात येतो. सौंदत्ती-बैलहोंगलकडचा गिऱ्हाईक कापसाचं पाकीट उलटंपालटं करून विचारतो, "हे सरकारनं पास केलेलं हाय नव्हं?" मी होय म्हणतो. पण ती मंजुरी कोणत्या साली, कोणत्या जनुकाला, कुणी दिली हे त्याला मोबाईलवर उघडून दाखवायचं म्हटलं की माझीच दमछाक.

बघा ना. जनुक बदललेल्या पिकांना मंजुरी देणारी केंद्राची समिती म्हणजे जीईएसी, तिचं संकेतस्थळ पर्यावरण मंत्रालयाकडे. इंडियन बायोसेफ्टी नॉलेज पोर्टल जैवतंत्रज्ञान विभागाकडे, त्याच विभागाचं आधीचं इग्मोरिस वेगळं. कार्टाजेना प्रोटोकॉल (जनुक बदललेल्या सजीवांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार), त्याखालचं माहिती-देवाणघेवाणीचं बायोसेफ्टी क्लिअरिंग हाऊस आणखी वेगळं. खायच्या वस्तूचा विषय निघाला की एफएसएसएआय. बियाण्याचा परवाना राज्याच्या कृषी खात्याकडे.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं एका यंत्रणेत यावं. तालुका टाकला, पीक टाकलं की मंजूर काय, चाचणी कुठे, बंदी कशावर ते दिसावं. अवघड काय आहे यात? जाणकारांनी सांगावं.

निपाणीचा_पानवाला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

पेट्री_डिश
चांगला विषय. मी प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा आतली बाजू सांगतो.

आपल्याकडचं सगळं १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेल्या १९८९च्या नियमांवर उभं आहे. त्यात सहा समित्या. सल्ल्यासाठी आरडीएसी, प्रत्येक संस्थेत आयबीएससी, संशोधनावर नजर ठेवायला आरसीजीएम, पर्यावरणात सोडायचं असेल तर जीईएसी, राज्यात मुख्य सचिवांची एसबीसीसी आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली डीएलसी. वरच्या समित्यांचा कागद आता बराचसा ऑनलाइन आहे. आमच्या संस्थेची समिती नॉलेज पोर्टलवर नोंदलेली आहे, वार्षिक अहवाल तिथेच चढवतो. पूर्वी गठ्ठे बांधून कुरियरने दिल्लीला जायचे.

पण ते पोर्टल मुळात अर्जदारासाठी बांधलंय. बैठकांची इतिवृत्तं वाचायला मिळतात, ती लिहिलेली असतात समितीने समितीसाठी. रविवारपेठींच्या गिऱ्हाइकाला त्यातून उत्तर काढायचं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

कोगनोळी_नाका
एक शंका. कर्नाटकाने चाचणीला नाही म्हटलं आणि महाराष्ट्राने होय म्हटलं, तर कागलच्या बाजूच्या शेतातले परागकण नाक्यावर थांबणार का? कोविडात आमच्या इथे माणसांचे आरटीपीसीआर बघत होते. आता बोंडअळीचाही बघायला लावा.

चिकोडी_लोकल
=)) =)) नाक्यावर अळी म्हणेल, दोन डोस झालेत साहेब, सोडा.

पेट्री_डिश
@कोगनोळी_नाका, हसण्यावारी नेऊ नका, खरा मुद्दा आहे. २०११पासून शेतातल्या चाचणीला त्या त्या राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. पिकागणिक विलगीकरणाचं अंतर (चाचणीचं पीक इतर शेतांपासून किती लांब ठेवायचं ते) ठरलेलं असतं, ते मोजायचं शेताच्या बांधापासून, राज्याच्या हद्दीचा त्यात काही संबंध नाही. म्हणजे शेजारच्या राज्यातल्या गावाला कळवण्याची सोय यंत्रणेत मुद्दाम करावी लागेल, ती आपोआप होणार नाही.

चंदगडी_कोडर
धंद्याने सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून तिरकं बोलतो, राग मानू नये.

"सगळं एका जागी" म्हणणारा प्रत्येक प्रकल्प मी बघितलेला आहे. पहिल्या दिवशी फीत कापतात, त्यानंतर माहिती भरायला कुणी नसतं. प्रश्न पानाचा नाही, नोंद कशाची करायची याचा आहे. कापसाचंच घ्या. २६ मार्च २००२ला जीईएसीने पहिल्या ३ बीटी (बोंडअळी मारणारा जिवाणूचा जनुक घातलेल्या) संकरांना परवानगी दिली. पुढे मोजक्याच जनुकांचे हजाराच्या वर संकर बाजारात आले. मंजुरी सुरुवातीला संकरागणिक, नंतर इव्हेंटच्या आधारे. (इव्हेंट म्हणजे परका जनुक वनस्पतीच्या जीनोममध्ये एका ठरावीक जागी बसण्याची ती एक घटना.) आता दुकानातल्या पाकिटावर असतं संकराचं नाव आणि सुरक्षेची कागदपत्रं असतात इव्हेंटची. ही दोन टोकं जोडणारा तक्ता नसेल तर रविवारपेठींच्या प्रश्नाला उत्तर नाही.

जोडायचं कसं हे जगाने ठरवून ठेवलंय. ओईसीडी या देशांच्या संघटनेचा ९ अक्षरांचा एकमेव ओळख-कोड असतो. बोलगार्ड-२ या बीटी कापसाचा एमओएन-१५९८५-७. आधी कंपनी, मग इव्हेंट, शेवटचा आकडा पडताळणीचा, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर यंत्राला लगेच कळतं. क्लिअरिंग हाऊसही हाच कोड वापरतं. हा कोड पाकिटावर क्यूआरमध्ये छापायचा, बस. निम्मं काम तिथेच झालं.

रविवारपेठी
@चंदगडी_कोडर, हे भारी सांगितलंत. पाकिटावर आता इतकं बारीक छापतात की क्यूआरला जागा करायची तर ट्रॅक्टरवाल्या हिरोचा फोटो काढावा लागेल. कंपन्या तयार होणार नाहीत. :)

बैलहोंगलचा_जावई
पाकिटाचाच विषय निघालाय म्हणून. आमच्या मेव्हण्याने मागे एका ओळखीच्या माणसाकडून कापूस घेतला, "तणाचं औषध मारलं तरी पिकाला काही होत नाही" असं सांगून दिलेला. साधी पांढरी पिशवी, तोंडाला स्टेपलर, वर पेनने काहीतरी नंबर. पावती कसली आणि काय. निम्मं उगवलं. मग औषध मारलं, तर उगवलेल्यातलं निम्मं करपलं. तक्रार करायला गेला तर कार्यालयातले म्हणाले आधी पावती दाखव. पावती असती तर हा तिथे गेला असता काय?

आता सांगा, तुमच्या यंत्रणेत ही पिशवी कुठल्या रकान्यात भरायची?

हिरवा_बिल्ला
चोर बीटी म्हणतात त्या बिनमंजुरीच्या बियाण्याला, आणि विदर्भात ते उघड पेरलंय. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने जाहीर कार्यक्रम करून पेरलं, गुन्हे दाखल झाले तरी. का पेरलं? निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. शेतकरी पोर्टल बघून पेरत नसतो ओ, शेजाऱ्याचं शिवार बघून पेरतो. तुम्ही आणखी एक सरकारी संकेतस्थळ काढणार, त्यात आणखी एक लॉगिन, त्याला आणखी एक ओटीपी. मंजुरी लवकर द्या, चोर बीटी आपोआप संपेल.

तिसरं_रेल्वे_गेट
@हिरवा_बिल्ला, मंजुरी लवकर द्यायची ती कशाच्या आधारावर? कागद लोकांपुढे ठेवल्याशिवाय विश्वास बसत नाही, हाच तर इतिहास आहे. बीटी वांग्याच्या विषारीपणाच्या चाचण्यांचे अहवाल मिळावेत म्हणून २००६मध्ये माहिती अधिकारात अर्ज करावा लागला. केंद्रीय माहिती आयोगाने २००७मध्ये द्या म्हणून सांगितलं, त्यावरही कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर २००९मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दाखवला आणि ९ फेब्रुवारी २०१०ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. ती उठलेली नाही.

जनुक बदललेल्या (जीएम) मोहरीचं तर आणखी मजेशीर. २०१६मध्ये सारांश अहवाल संकेतस्थळावर टाकला, हरकती मागवल्या, आणि पूर्ण माहिती बघायची असेल तर? दिल्लीला मंत्रालयात येऊन बघा. येळ्ळूरच्या शेतकऱ्याने निजामुद्दीनचं रिझर्वेशन करायचं, कागद वाचायचे आणि परत यायचं.

चिकोडी_लोकल
वेटिंग लिस्ट धरून जा.

घटप्रभाकाठ
वांग्याचं नाव निघालं म्हणून रायबाग तालुक्यातर्फे हजेरी. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने ज्या ६ वाणांत बीटी घालायचं काम केलं, त्यात एक आमचं कुडची लोकल होतं आणि एक पलीकडचं रबकवी लोकल. बाजारात ज्याची भरली वांगी करायला आया-बाया हातात घेऊन देठ दाबून बघतात, त्याचं नाव दिल्लीच्या फायलीत गेलंय हे कुडचीत किती जणांना ठाऊक? स्थानिक वाण जैवविविधता मंडळाची परवानगी न घेता वापरले असा आरोप झाला, २०११मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कायदेशीर कारवाई करायचं ठरवलं.

बीटी वांग्यावर स्थगितीच्या आधी सल्लामसलत झाली देशात ७ शहरांत. कर्नाटकात बेंगळुरूला, महाराष्ट्रात नागपूरला. आपल्याला दोन्हीकडून सारखंच लांब, नेहमीसारखं.

माझी मागणी त्यामुळे वेगळी आहे. यंत्रणेत पीक आणि इव्हेंट असेलच, पण मूळ वाण कुठल्या गावचं हेही असू दे. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही कायद्याने आहे, ती याला जोडा. कुडचीचं वांगं कुणी उचललं तर कुडचीला कळायला नको?

मलप्रभा_उगम
+१ घटप्रभाकाठ.

माझा प्रश्न भाताचा. आमचं खानापूर तालुक्यात सगळं भातच. मे २०२५मध्ये जीनोम संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली, कमला आणि पुसा डीएसटी राईस-१. ही या यंत्रणेत दिसतील का? आमचे आजोबा म्हणतात बासमतीचा वास गेला तो गेलाच, आता काय ते नवीन. म्हणून म्हटलं विचारावं.

पेट्री_डिश
@मलप्रभा_उगम ताई, तुम्ही बरोबर खोच काढलीत. ३० मार्च २०२२च्या आदेशाने एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या संपादनाला, ज्यात बाहेरचा जनुक उरत नाही, १९८९च्या नियमांतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट मिळाली आहे. संस्थेची समिती तपासते, आरसीजीएमला कळवते, जीईएसीच्या दारात जायची गरज राहत नाही. म्हणजे उद्या जीईएसीच्या निर्णयांवर बेतलेली यंत्रणा केली तर ही वाणं तिच्यात येणारच नाहीत. माझं वैयक्तिक मत, सूट दिली ते ठीक, पण नोंदीतून सूट नसावी. "हे तपासलं, या कारणाने पुढच्या तपासणीची गरज नाही" एवढ्या दोन ओळी तरी लोकांना दिसू देत.

तसंच सोयाबीनचं. आपल्याकडे जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही, पण ऑगस्ट २०२१मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला वाट मोकळी केली, कारण पेंडीत सजीव काही नाही. कार्टाजेना प्रोटोकॉलही सजीवांपुरताच. आपल्या भागातल्या सोयाबीनवाल्यांनी दर पडताना बघितला, पण जैवसुरक्षेच्या यादीत त्या पेंडीचं नाव शोधत बसलात तर सापडणार नाही.

व्हॅक्सिन_डेपो_वॉकर
अवांतर होतंय, पण सगळे बियाण्यावरच का घसरलात? १९८९च्या नियमांच्या नावातच धोकादायक सूक्ष्मजीव आहेत. आम्ही रोज सकाळी ज्या व्हॅक्सिन डेपोत चालायला जातो तिथे एके काळी देवीची लस तयार व्हायची. चोर्ला घाट उतरलं की दोडामार्ग-सत्तरी, तिथे माकडताप. त्याचा विषाणू १९५७मध्ये आपल्याच राज्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला. असे नमुने कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या सुरक्षा पातळीवर हाताळतात हे लोकांना कळायला हवं की नको?

पेट्री_डिश
पातळी कळायला हरकत नाही, बीएसएल-१ ते ४ असं वर्गीकरण आहेच. पण फ्रीझर कुठल्या खोलीत हे नाही सांगणार काका, तुम्ही चालायला तिकडे आलात तर. :)

तिसरं_रेल्वे_गेट
इथेच मला रविवारपेठींना विरोध करायचाय. "चाचणी कुठे" हे तालुक्यापर्यंत ठीक. सर्व्हे नंबर टाकलात तर काय होतं ते नोव्हेंबर १९९८मध्ये रायचूर जिल्ह्यात दिसलं. प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने (कर्नाटकातली शेतकरी संघटना) चाचणीचं पीक उपटून जाळलं. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, ज्याचं शेत होतं त्याचं काय?

चंदगडी_कोडर
जर्मनीत सार्वजनिक स्थळ-नोंदवही आहे. लागवड करायची तर ३ महिने आधी, चाचणी असेल तर कामाचे ३ दिवस आधी कळवायचं. त्यावरून घटनात्मक न्यायालयापर्यंत भांडण गेलं आणि २०१०मध्ये कायदा टिकला. मालकाचं नाव सरसकट उघड करत नाहीत, ज्याचा हितसंबंध आहे त्याला मिळतं. आपल्याकडे शेजारच्या बांधाच्या शेतकऱ्याला नोटीस आणि बाकीच्यांना तालुका, असं करता येईल.

हिरवा_बिल्ला
शेजाऱ्याला नोटीस म्हणजे गावात दवंडी. आपल्याकडे बांधावरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत, म्हणे शेजाऱ्याला नोटीस.

निपाणीचा_पानवाला
वाचतोय. लिहितोच आहे.

कोगनोळी_नाका
@निपाणीचा_पानवाला, तुमचा रुमाल धुऊन वाळत घालायची वेळ झाली.

चिकोडी_लोकल
भाषेचं कुणीच बोललं नाही. सगळं इंग्रजीत आहे. आमच्या तालुक्यात पाहणी उतारा कन्नडमध्ये, खताची गोणी इंग्रजीत, शेतकरी मराठीत. १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असा दंडक आहे. तो इथे लागू करा.

संपादक_मंडळ
भाषेची मागणी नोंदली आहे, योग्यच आहे. त्यापुढची चर्चा सीमाप्रश्नाच्या धाग्यावर करावी. तिथे जागा भरपूर आहे.

बैलहोंगलचा_जावई
माझ्या पिशवीचं उत्तर राहिलं.

पेट्री_डिश
तेच लिहायला आलो होतो. पिशवीतल्या बियाण्याचं दोन-चार पानं उगवली की पट्टी-चाचणी होते. पान चुरगाळून द्रावणात घालायचं, पट्टी बुडवायची, दहा मिनिटांत एक रेघ की दोन ते दिसतं. दोन आल्या तर ते प्रथिन त्यात आहे. तणनाशक सहन करणाऱ्या जनुकाचीही पट्टी असते. तंत्र अवघड नाही. पण निकाल आला तर लिहायचा कुठे? दुकानदाराच्या वहीत, निरीक्षकाच्या डायरीत, जिल्ह्याच्या फायलीत आणि तिथेच राहतो. वरच्या कुठल्याच पोर्टलला जिल्ह्यातून माहिती चढत नाही, सगळी वरून खाली उतरते. मला विचाराल तर यंत्रणेची सुरुवात इथून हवी. डीएलसीला महिन्याच्या महिन्याला नोंद भरणं सक्तीचं करा, काही नसेल तर "निरंक" भरा. डीएलसीत जिल्हा कृषी अधिकारी, प्रदूषण मंडळाचा माणूस, कारखाना निरीक्षक, आरोग्य खातं असे सगळे कागदोपत्री आहेतच. माहिती जिथे तयार होते तिथे ती भरायची जबाबदारी नावानिशी कुणाची, हे ठरल्याशिवाय संगणक आणून काय करणार?

व्हॅक्सिन_डेपो_वॉकर
आम्हा पेन्शनवाल्यांना डीएलसी म्हणजे दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. ही समिती हयात आहे का, तिचा दाखला कुणी बघितलाय?

चंदगडी_कोडर
काकांनी एका ओळीत धागा संपवला.

पेट्री_डिश यांच्याशी शंभर टक्के सहमत. प्रोटोकॉलमध्येही बघा, खाण्या-चाऱ्यासाठीच्या सजीवावर देशात निर्णय झाला की १५ दिवसांत क्लिअरिंग हाऊसला कळवायचं. तारीख नेमून दिलेली आहे. आपल्या भूमी प्रकल्पाने कर्नाटकातल्या २ कोटी जमिनींच्या नोंदी संगणकावर आणल्या, तेही तलाठ्याची हाताने लिहिलेली प्रत कायदेशीर धरायचं बंद केलं म्हणून. वही चालू ठेवून पोर्टल काढलं असतं तर आजही आपण वहीच बघत असतो.

रविवारपेठी
मी धागा काढला तेव्हा डोक्यात एक सुंदर सर्च बॉक्स होता. आता म्हणतो, आधी काकांचा दाखला मागू. जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकतो. मसुदा असा:

"१९८९च्या नियमांतील नियम ४नुसार बेळगाव जिल्ह्यासाठी जिल्हास्तरीय समिती स्थापन झाल्याचा आदेश, सध्याच्या सदस्यांची पदनामे, मागील ५ वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते, आणि या काळात समितीने राज्य समितीस अथवा जीईएसीस पाठवलेल्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात."

शिवाय मला संशयित बियाण्याच्या नमुन्यांचे निकाल, चाचण्यांची ना-हरकत पत्रं, कुडची वांग्याचा पत्रव्यवहार...

तिसरं_रेल्वे_गेट
थांबा थांबा. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. वांगं वेगळ्या अर्जात टाका, नाहीतर सगळंच परत येईल. पोस्टल ऑर्डर १० रुपयांची.

घटप्रभाकाठ
वांग्याचा अर्ज मी टाकतो. पण जैवविविधता मंडळाकडे, डीसी ऑफिसला त्याचं काही नाही.

बैलहोंगलचा_जावई
आणि नमुन्याचा कृषी खात्याकडे, मी. मेव्हण्याच्या नावाने नको, तो आधीच वैतागलाय.

हिरवा_बिल्ला
मंजुरी लवकर द्या हे माझं मत कायम. पण अर्जाची कन्नड प्रत करून पाहिजे असेल तर पाठवा, करून देतो. परवा डीसी ऑफिसला माझं काम आहेच, आवक-जावकला देऊन शिक्का मारून आणतो.

निपाणीचा_पानवाला
सविस्तर लिहायला बसलो होतो, सगळं तुम्हीच लिहिलंत. "पदनामे"च्या पुढे "आणि सदस्य-सचिवांचा कार्यालयीन दूरध्वनी" एवढं वाढवा. रुमाल उचलला.